डी ड्राइव्हमधल्या पौर्णिमा

६ नोव्हेंबर, गुरुवार

विशाखापट्टणमला जाणं पुन्हा राहिलं. बॅग भरून दाराशी ठेवली, चपला घातल्या, अन् काकाजींनी ग्लास वाजवला.

ही डायरी उद्या कोणाच्या हाती लागली तर त्याला ग्लासाचं काही समजणार नाही, म्हणून लिहून ठेवतो. देवीदास काकाजी म्हणजे माझ्या माया मावशीचे मिस्टर. रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपमधून रिटायर झाले अन् रायपूरला लागून बीरगांवात घर बांधलं. दोन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. माणूस वाचला, आवाज गेला. आता कोणाला हाक मारायची तर स्टीलचा ग्लास टेबलावर वाजवतात, अन् बोलायचं असलं तर मोबाईलवर टाइप करून दाखवतात. एका बोटाने. एक वाक्य होईपर्यंत आपली दाढी करून होते.

आजचं वाक्य: ‘कॉम्प्युटर भरला. दीपूचं काम अडलं. तुले येते म्हणतात.’

येते म्हणतात! इंदूरला मोबाईलच्या दुकानात चार महिने मी काय भजी तळत होतो?

दीपू म्हणजे दीपमाला, त्यांची मुलगी. चौबे कॉलोनीत एका रीना दीदीचा फोटो स्टुडिओ आहे. तिने दीपूला एक लग्नाचा अल्बम घरी बनवायला दिलाय. १७ तारखेला द्यायचा. आवडला तर कायमचं काम. पण घरचा कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरलेला. नवीन एक फोटो टाकला की जागा नाही म्हणतो.

म्हटलं, दोन दिवसांचं काम. शनिवारी निघेन. मागच्या महिन्यात निघालो तेव्हा कूलर बिघडला होता, त्याच्या आधी टाकीचा नळ. मी नसतो तेव्हा हे घर चालतं तरी कसं, देव जाणे. आमच्यात देव नाही म्हणायचं, पण तोंडात बसलंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

गाडी गेली. मी गेलो नाही. कॉम्प्युटरचा डबा उघडून बसलो होतो.

आधी सीपीयू उघडला, कारण मला आवाजावरूनच कळलं की पंखा गुदमरून राहिला. आतून शेजारच्या उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ निघाली, बोटावर घेतली तर काजळ. ते पाहून आठवलं की रायगढच्या ढाब्यावर एक ड्रायव्हर असल्याच धुळीने ट्रकच्या मागे चित्रं काढायचा, वाघ काय काढायचा! मग ते चित्र मी अंगणात काढून पाहिलं. मावशी म्हणाली, “हा वाघ आहे का बकरी? अन् तो डबा काहून उघडा पडून राहिला?”

दुपारी आईचा फोन आला, तुमसरहून. मला नाही, मावशीला. रोज येतो. मावशीचं उत्तर पण रोज एकच: “हो, आहे. जेवला. हो, हो, आहे न वं इथंच.” दोन बहिणींचं काय चालतं कोण जाणे.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज शेवटी ड्राइव्ह उघडले. सी लाल, डी लाल. दोघांचाही श्वास कोंडलेला.

मावशीच्या व्हॉट्सअपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो कोणीतरी कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवलेत. गुलाब, गुलाबावर दंव, दंवावर पुन्हा गुलाब. सगळे काढले. दीपूने डाउनलोड केलेले तेच ते फॉर्म, एकेक पाच वेळा. काढले. कोणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ, त्यात अर्धा तास नुसता मंडपाचा पंखा. काढला. एवढं करून जागा किती झाली? चिमणीच्या घासाएवढी.

दीपू मागे उभी. ही पोट्टी मराठी सगळं समजते पण बोलते हिंदी. “भैया, इतने में तो दुल्हन का मेकअप भी नहीं आएगा.”

“थांब जरा. सर्जन आधी पेशंट पाहतो.”

“पेशंट को आज पाँचवाँ दिन है.”

सासुरवाशीण झाली की कळेल हिला.

डीमध्ये एक मोठं फोल्डर दिसलं, ‘विहार’. डी ड्राइव्हचा निम्मा पसारा तेच धरून बसलंय. काकाजींना विचारलं. त्यांनी बराच वेळ टाइप केलं: ‘विहार सांभाळून.’ म्हटलं, चिंताच सोडा.

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, अंजनाबाई काल गेल्या. नव्वदीच्या होत्या. गल्लीत आज सगळे हळू बोलत होते. मी पण गेलो खांदा द्यायला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जिंकलो!

मावशी आणि काकाजी सकाळीच तपासणीला दवाखान्यात गेले, दीपू कॉलेजला. घर रिकामं. अशा वेळी माझं डोकं चालतं. ‘विहार’ उघडलं. आत साठेक रेकॉर्डिंग, सगळी मोठ्ठी, एकेका फाइलला हत्तीचं अंग. नाव कोणालाच नाही, नुसते आकडे, रेकॉर्डर स्वतःच टाकतो तसे. मला माहीत आहे हे प्रकरण. काकाजी धडधाकट होते तेव्हा दर पौर्णिमेला विहारात वंदना तेच घ्यायचे, अन् छोटा रेकॉर्डर खिशात ठेवून ती टेप करायचे. मागच्या पौर्णिमेला मी गेलो होतो विहारात. आता एक तरुण पोरगा वंदना घेतो. काकाजी मागे भिंतीला टेकून बसतात अन् ओठ हलवतात.

पहिली फाइल लावली. काकाजी खाकरले अन् त्रिशरण सुरू. आवाज काय होता माणसाचा! पितळेच्या घागरीत बोलल्यासारखा. मी आधी कधी नीट ऐकलाच नव्हता. लहानपणी यायचो तेव्हा अंगणात असायचो. दुसरी लावली. काकाजी खाकरले, त्रिशरण. तिसरी. खाकरले, त्रिशरण. दहाव्यापर्यंत अर्धा-अर्धा मिनिट ऐकलं, पुढे नुसतं दार उघडून आत डोकावल्यासारखं. सगळीकडे तेच. तेच खाकरणं, तोच सूर, तेच शब्द.

मग मला समजलं की खरी अडचण जागेची नाहीच, मायेची आहे. एकच गोष्ट माणूस साठ वेळा साठवतो, कारण काढायला हात धजत नाही. अशा वेळी बाहेरचा माणूस पाहिजे. मी सगळ्यांत स्वच्छ आवाजाची एक फाइल निवडली, ती बाहेर डेस्कटॉपवर आणली, नाव ठेवलं ‘काकाजी वंदना बेस्ट’. बाकीच्या काढल्या. कायमच्या, शिफ्ट दाबून. रिसायकल बिनमध्ये ठेवणं म्हणजे कचरा दाराबाहेर न टाकता पलंगाखाली सरकवणं.

डी ड्राइव्हची लाल पट्टी निळी झाली. अशी निळी की मी खुर्चीवरून उठून एक गिरकी घेतली.

संध्याकाळी दीपूने पाहिलं अन् पहिल्यांदा माझ्याकडे माणसासारखं पाहिलं. “कैसे किया?”

“कला आहे.”

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दीपूने स्टुडिओतून आणलेले लग्नाचे सगळे फोटो डीमध्ये टाकले. घळाघळा गेले. कामाला बसली. मी सगळ्यांना चौकात गुपचूप, म्हणजे इथली पाणीपुरी, खाऊ घातली, काकाजींना नुसतं आंबट पाणी. त्यांना जड गिळता येत नाही, पण पाणी प्यायले अन् डोळे मिटून मान डोलावली. शनिवारच्या गाडीने जातो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सगळं बिघडलं. तरी लिहितो.

सकाळी दहा वाजता वनमालाबाई आल्या. अंजनाबाईंच्या सूनबाई. “जयभीम भाऊ,” म्हणाल्या काकाजींना, अन् मावशीजवळ बसल्या. पुढच्या रविवारी, तेवीसला, अंजनाबाईंचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. “भाऊ, तुम्ही आमच्या सासूबाईले बोलतं केलं होतं न विहारात, वंदना झाल्यावर? भंडाऱ्याहून इथं कशा आल्या, कोळशाच्या गाडीत बसून, ते समदं? ते पेन ड्राइव्हात देता का? लेकरायले ऐकवतो त्या दिवशी.”

मी चहाचा कप तोंडाला लावलेला, तो तिथंच राहिला.

काकाजी खूश झाले. टाइप करू लागले, ते मी खांद्यावरून वाचलं. ‘विहार मध्ये आहे. दर पौर्णिमेला वंदनेनंतर एका जणाचं बोलणं. साठ घरांचं.’

वंदनेनंतर.

साठही फाइली वंदनेनेच सुरू होणार. आपल्यात सभा असो, लग्न असो, बारसं असो, आधी त्रिशरण-पंचशील, मग बाकी. हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. तरी मी दारातूनच परतलो, साठच्या साठ वेळा, अन् म्हटलं की घर एकच आहे.

काकाजी उठून कॉम्प्युटर सुरू करायला निघाले तेव्हा मी ओरडलो, “हात लावू नका!” अन् धावत जाऊन वायरच उपटली. वनमालाबाई दचकल्या. मग सांगावं लागलं. सगळ्यांसमोर.

मावशी इतक्या हळू बोलली की ओरडली असती तर बरं झालं असतं. “साठ माणसं पुसली तू. अन् एक वंदना ठेवली. लय उपकार केले.” अन् स्वयंपाकघरात गेली.

वनमालाबाई म्हणाल्या, “हव, जाऊ द्या भाऊ, पोरगा आहे,” अन् रडल्या.

काकाजी मोबाईल घेऊन बसले. टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. मी समोर उभा. शेवटी मोबाईल माझ्याकडे वळवला. त्यावर एवढंच होतं: ‘जेवून घे.’

मी जेवलो नाही. बॅग उचलली अन् मागच्या दाराने निघालो. खरं तेच लिहितो. चौकात ऑटोत बसलो, स्टेशनला जायचं म्हणून. वाटेत दीपूचा फोन.

“भैया, वो पावर केबल तेरे पास है क्या? परसों अल्बम देना है मुझे. बगल से दूसरी माँग के लगा रही हूँ.”

बॅगेत हात घातला. वायर माझ्याच बॅगेत, कपड्यांवर. उपटल्यावर कोणी लावू नये म्हणून मीच कोंबली होती.

“लावू नको!” मी एवढ्या जोराने ओरडलो की ऑटोवाल्याने ब्रेक मारला. “दीपू, ऐक. फाइल पुसली तरी लगेच मरत नाही. नुसती पाटी काढतात, माणूस आत असतो. पण त्याच्यावर दुसरं काही लिहिलं की संपलं. कॉम्प्युटर सुरू झाला की स्वतःहून पण काही काही लिहितो. तू एक फोटो पण सेव्ह करू नको. मी येऊन राहिलो.”

इंदूरला लोक मेमरी कार्ड घेऊन यायचे, पोराच्या वाढदिवसाचे फोटो पुसले गेले म्हणून. ज्याने नंतर नवे फोटो काढले नसायचे त्याचे सगळे परत यायचे. मी स्वतः काढून दिलेत. म्हणजे करता येतं. मीच करू शकतो. दीपूने परवा टाकलेल्या फोटोंखाली काही दबले असतील, पण सगळे नाही.

ऑटोवाल्याला म्हटलं, वळव. म्हणाला, “भैया, स्टेशन तो उधर है.” म्हटलं, मालूम है.

१६ नोव्हेंबर, रविवार

दीपूशी बोलणं झालं, ते कठीण होतं. ड्राइव्ह वाचवायचा तर तिचं काम थांबणार, अन् अल्बम उद्या द्यायचा. मी म्हटलं, तू सांग, मी तेच करतो. ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. हिंदी सोडून बोलली.

“भूषणदादा, मी बाबांचा आवाज विसरून राहिले. माहीत आहे का तुले? परवा आठवून पाहिला, नाही आला. त्या फोल्डरमध्ये आहे म्हणून हिंमत होती. उघडलं नाही कधी, पण होतं न. आता एकच वंदना राहिली.” मग नाक पुसलं. “अल्बम गया तेल लेने.”

पण मी असं काही तेलात जाऊ देत नाही. तिला म्हटलं, रीना दीदीला खरं सांगून टाक. तिने फोन लावला, स्पीकरवर. रीना दीदी आधी पाच मिनिटं चिडली, आमच्यावर नाही, तिच्याकडच्या कोण्या पोरावर, त्याने पण नवरदेवाची वरात पुसली होती म्हणे. मग म्हणाली, “तू यहीं आके बना ले, और उस महापुरुष को भी ले आ, हार्ड डिस्क के साथ. मेरे पास एक खाली पड़ी है.”

महापुरुष मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल डबा खोलून हार्ड डिस्क काढली. मावशीने काकाजींचा धुतलेला मऊ टॉवेल दिला, त्यात गुंडाळली. दीपूने स्कूटी चालवली अन् मी मागे, डिस्क मांडीवर धरून. प्रत्येक खड्ड्याला मी ‘हळू, हळू’. सिग्नलवर एका बाईने विचारलं, “कितने दिन का है?”

स्टुडिओत डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. नियम सोपा: जिथून काढायचं तिथं काही लिहायचं नाही, सापडेल ते सगळं दुसऱ्या डिस्कवर. प्रोग्राम लावला. तो जमीन नांगरल्यासारखा एका टोकापासून चालला. एवढ्या हळू की रीना दीदी म्हणाली, “ये तो बैलगाड़ी है.” काल दिवसभर, आज दुपारपर्यंत. मला एका जागी बसायची सवय नाही, तर मी स्टुडिओचे दिवे पुसले, बॅकड्रॉपचे पडदे वेगळे लावले, एका पासपोर्ट फोटोवाल्या काकांना हसवलं. रीना दीदीने मला दोनदा बाहेर काढलं.

दीपू पलीकडच्या टेबलावर नुसती काम करत होती. अल्बम कालच संपला. रीना दीदी तिच्या मागे उभी राहून बराच वेळ पाहत होती. आज म्हणाली, “कल से ग्यारह बजे आ जाना.” मला वाटतं माझं रिकव्हरीचं काम पाहून तिचा आमच्या घरावर विश्वास बसला.

अन् दुपारी तीनला निघाली! रेकॉर्डिंग! काही आलीच नाहीत, दीपूच्या नवरीने त्यांच्यावर बैठक मारलीय. काही लंगडी आलीत, मध्येच खरखर अन् बंद. पण बहुतेक आली. मी तिथंच पुन्हा गिरकी घेतली, पडदा पडला.

एक भानगड आहे. जुने आकडे गेले, क्रम गेला. आता सगळ्या फाइली बेनाम, अन् सगळ्या काकाजींच्या खाकरण्याने सुरू होतात. यातली अंजनाबाई कोणती?

१९ नोव्हेंबर, बुधवार

घरचा कॉम्प्युटर पुन्हा उभा केला. रेकॉर्डिंग रीना दीदीच्या डिस्कवरून आणली, अन् आणण्याआधी सगळी लहान केली. आवाज तोच राहतो, अंग दहापट कमी होतं. हे मी आधीच केलं असतं तर काहीच पुसावं लागलं नसतं. हे फक्त या डायरीला सांगतोय.

काकाजींना म्हटलं, तुम्ही ऐकून सांगा कोणाचं कोणतं, मी नाव टाकतो. त्यांनी मान हलवली, नाही. टाइप केलं: ‘तू ऐक. पूर्ण. मी बसतो.’

सगळी? प्रत्येक तासाभराची! माझी गाडी शनिवारी आहे म्हटलं. काकाजींनी चष्मा पुसला अन् ते ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांचे कान तर एकदम चांगले आहेत.

पहिली लावली. काकाजी स्वतःचा आवाज ऐकत बसले, हात मांडीवर, ओठ हलत. वंदना सुरू झाली की मावशीला नेमकी भाजी आठवते. उठून गेली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वंदनेच्या पलीकडे काय काय आहे! एक शिंदे म्हातारा सांगतो की वॅगनखाली झोपून पावसाळा काढला अन् गाडी हलली तेव्हा उशी गाडीबरोबर गेली, माणूस रुळावर राहिला. एक बाई फक्त तिच्या म्हशीबद्दल बोलते, पूर्ण वेळ. काकाजी मध्ये विचारतात, “बरं, अन् नवरा?” ती म्हणते, “तो बी होता.” मी एवढा हसलो की काकाजींनी पाठीत धपका घातला. ते पण हसत होते, त्यांचं हसणं म्हणजे खांदे हलतात.

मी असं शेवटपर्यंत आजवर काही ऐकलं नव्हतं. पिच्चर पण मी इंटरव्हलला सोडतो. मध्ये चार वेळा उठून पळालो, एकदा चौकापर्यंत. काकाजी फाइल थांबवून तिथंच बसलेले असतात. मी आलो की पुन्हा सुरू.

अंजनाबाई अजून सापडल्या नाहीत. परवा कार्यक्रम. आलीच नसेल तर? आज पहिल्यांदा वाटलं की मी फार मोठ्या तोंडाने बोलतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सापडल्या! सकाळी, वंदना संपली अन् एक खणखणीत आवाज आला, “देवीदासा, हे यंत्र बंद कर आधी, मले लाज येते.” काकाजींनी टेबलावर हातच मारला. त्याच!

पण लंगडी निघाली. भंडाऱ्याहून निघणं आहे, कोळशाची गाडी आहे, रायपूरच्या स्टेशनावर उतरून कोणाला विचारावं ते कळेना, तेव्हा एका बाईने हात धरून... अन् खरखर. संपलं. ती बाई कोण, कुठं नेलं, काही नाही.

पेन ड्राइव्ह घेऊन वनमालाबाईंकडे मी एकटाच गेलो. काकाजी येतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. लावून दाखवलं. खरखर आली तेव्हा मी खाली पाहत होतो. वनमालाबाई हसल्या हो! म्हणाल्या, “आमच्या सासूबाईले जिवंतपणी कोणी मधात थांबवू शकलं नाही. मेल्यावर थांबल्या, ते बी तुझ्यानं.” मग म्हणाल्या, “पुढचं मले पाठ आहे. ते मी सांगतो उद्या.”

गाडी आज गेली असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

कार्यक्रम. पूर्ण पारा होता. आधी वंदना घ्यायची, तो तरुण पोरगा उठला, तर वनमालाबाई म्हणाल्या, थांब, फाइलीतलीच राहू दे. मी बटण दाबलं. काकाजींचा आवाज विहारात भरला अन् सगळ्यांनी त्याच्यामागून म्हटलं. काकाजी मागे भिंतीला टेकले होते. मी पुढून मागे वळून पाहिलं, ते ओठ हलवत नव्हते. नुसते बसून ऐकत होते.

मग अंजनाबाई. मग खरखर. मग वनमालाबाई उठल्या अन् तिथून पुढे उचललं. “ती बाई म्हणजे...” त्या सांगू लागल्या, अन् दोन वाक्यांत मला विसर पडला की आवाज बदललाय. हे पण मी टेप केलं. जोडून देतो आता, शिवण दिसणार नाही.

मावशी विहारात आली नाही. डोकं दुखतं म्हणाली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज संध्याकाळचं जसं घडलं तसं लिहितो, कारण मला नीट समजलं नाही.

मी अन् काकाजी एक फाइल ऐकत होतो. दीपू नुकतीच स्टुडिओतून आली होती, पाय धूत होती. मावशी आत, कुकर लावलेला. फाइलीतलं बोलणं संपलं, सगळे जयभीम म्हणून उठले, चपलांचा आवाज, अन् नंतर नुसती खसखस. काकाजी त्या दिवशी रेकॉर्डर बंद करायला विसरले होते, यंत्र खिशातच. आधीचा मी असतो तर पुढची फाइल लावली असती. पण आता मला शेवटापर्यंतची सवय लागलीय. तर सायकल चालली. कुत्रं भुंकलं. फाटकाची कडी, हीच आपली कडी, अजून तशीच करकरते. सायकल स्टँडवर. अन् मग काकाजींचा आवाज, वंदनेचा नाही, घरातला, थकलेला, जरा लाडीक:

“माया, चहा मांडते का वं जरासा?”

अन् फाइलीतून नाही, इथल्या स्वयंपाकघरातून मावशी, जोराने, कुकरच्या वर आवाज काढून:

“मांडून राहिली न! घाई काहून करता?”

मग भांडं खाली पडल्याचा आवाज.

मावशी दारात आली, हातात सांडशी. काकाजींनी दोन्ही हात वर केले, चोर पकडल्यासारखे. दीपू ओल्या पायांनी उभी. मी बोट कॉम्प्युटरकडे केलं. मावशीने कॉम्प्युटरकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं, पुन्हा कॉम्प्युटरकडे. मला वाटलं आता माझी पूजा होते.

ती काकाजींच्या खुर्चीच्या हातावर टेकून बसली. सांडशी मांडीवर. म्हणाली, “पुन्हा लाव.”

लावलं. सायकल, कुत्रं, कडी. माया, चहा मांडते का वं जरासा. ती हलली नाही. “अजून.” अजून लावलं. तिसऱ्या वेळी त्यांचं विचारून झालं तशी ती हळूच म्हणाली, “हो, मांडते.” अन् उठून गेली. काकाजी मोबाईल शोधत होते, तो त्यांच्याच खिशात होता.

चहा आला तो कडू, साखर राहिली होती. सगळ्यांनी तसाच प्यायला.

फाइलला नाव टाकायचं होतं. बोलणारे विठोबा मेश्राम होते, तेच नाव टाकू का म्हणून विचारलं. काकाजींनी टाइप केलं, आज झटकन, अन् मोबाईल माझ्याकडे वळवला: ‘पुसू नको.’

म्हटलं, ते तर कळलं काकाजी, आता मी काही पुसत नाही. नाव काय ते सांगा.

त्यांनी बोटाने तेच दोन शब्द पुन्हा दाखवले. तर तेच टाकलं.